कपाटासाठी नेलेल्या ट्रेलरविषयी

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुणीचा नमस्कार. या वेळी तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वाकून केला आहे. कारण पुढे कळेलच.

तुमचा रक्तदाब कसा आहे? गुडघा काय म्हणतो? ताईकडून समजलं की जिन्याच्या कठड्याबद्दल तुम्ही इमारतीच्या फलकावर लावलेली सूचना कुणीतरी काढून टाकली. वाईट वाटलं. आयुष्यभर कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक जिना आणि एक गॅसची नळी एवढंच तपासायला उरावं, हे बरोबर नाही. ताई म्हणते की ती नळी आता तुम्ही जवळ आलात की आपोआप सरळ होते. असो. सकाळची गोळी घेतली असेल तर पुढे वाचा. नसेल तर आधी घ्या, मी थांबते.

ट्रेलर सुखरूप आहे. आई सुखरूप आहे. मीही आहे. (हा क्रम मी लावलेला नाही, तो आपोआप पडला.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यानंतर 'थांब, थांब' म्हणता आणि मग मला माझी बाजू कधीच सापडत नाही. पत्रात मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तुम्ही 'थांब' म्हणालात तरी मी पुढच्या ओळीवर गेलेली असेन.

ट्रेलर तुम्ही दिलात तो आईचं कपाट, शिलाई मशीन आणि पलंग तुमच्याकडे आणण्यासाठी. महिनाअखेरीस ती कायमची तुमच्याकडे राहायला येणार, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. (सगळ्यांनी म्हणजे तुम्ही, ताई आणि मी. आई त्या वेळी कुणाचा तरी कोट उसवत होती आणि 'हं' म्हणाली होती. त्या एका 'हं'वर तुम्ही खोलीला रंग दिलात, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत आणि उंबरठा कापून घेतलात.) तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाबा गेल्यापासून घरामागची लिंबाची बाग आणि तिच्या वरचा पडीक तुकडा आईला एकटीला होत नाही. नांगरणीवाला उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या उगवत नाही. गवत खिडकीपर्यंत आलं. ज्या जमिनीची मशागत होत नाही तिच्या उशाशी म्हाताऱ्या माणसाने का बसून राहावं, असं तुम्ही तिला विचारलंत. त्यावर ती काही बोलली नाही, आणि तिला पटलं असं आपण धरून चाललो. भाऊजी, आईला उत्तर सुचायला वेळ लागतो. सुचलं की मात्र ते वजनदार असतं. या वेळी त्याला चार चाकं होती.

मी जीपच्या मागे ट्रेलर जोडून घरी पोहोचले तेव्हा कपाट भिंतीशी जसंच्या तसं उभं होतं, आतल्या कपड्यांसकट. आई दारात होती. गळ्यात टेप, पायात बाबांचे बूट. कपाट कुठे पळून जात नाही, म्हणाली, आधी जरा एक वस्तू आणायची आहे. मी विचारलं, केवढी? ती म्हणाली, घेराला जास्त, उंचीला बेताची. मला वाटलं, पाण्याचं पिंप असेल.

ते पिंप नव्हतं. गावाबाहेरचा रोपवाटिकावाला धंदा आवरतो आहे, त्याचा छोटा जुना ट्रॅक्टर होता. व्यवहार आधीच झालेला होता. कधी, कसा, किती, हे आई आणि तो दोघंच जाणतात, आणि दोघंही विचारलं की आभाळाकडे बघतात. मी तिथेच तिला बाजूला घेऊन समजावलं. आई, तुला जायचं आहे तिकडे, खोली तयार आहे, चौथ्या मजल्यावर ट्रॅक्टर काय करणार? ती म्हणाली, 'माप तर घेऊ दे. बसला नाही तर आपोआप मिटलं.' एवढ्यावर मी गप्प बसले, कारण तो ट्रेलरवर बसणार नाही अशी माझी खात्री होती. तिने मापं घेतली. गिऱ्हाइकाची घ्यावीत तशीच: छाती, कंबर, खांदा, घेर. तोंडात टाचण्या नव्हत्या इतकाच फरक. रोपवाटिकावाला शेजारी उभा राहून पोट आत ओढत होता, का ते कळलं नाही. मग तिने ट्रेलरचं माप घेतलं आणि म्हणाली, 'बसतोय. दोन्हीकडे शिवणीची माया सोडूनसुद्धा.'

चढवणं इतकं सोपं झालं की तिथेच मला संशय यायला हवा होता. रोपांच्या गाड्या भरण्यासाठी तिथे एक दगडी ओटा आहे. त्याची उंची आणि ट्रेलरची उंची सारखी, आणि जीप मागे घेऊन टेकवायचं काम रोपवाटिकावाल्यानेच केलं. ट्रेलरचा फाळका (मागचं पडतं दार) खाली पाडला, आणि माणसाने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा ट्रॅक्टर ओट्यावरून ट्रेलरवर गेला. रोपवाटिकावाल्याने तो स्वतः चालवत नेला आणि नंतर उतरायला तयार होईना. सूचना देत राहिला. 'म्हाताऱ्याला सकाळी उठल्या उठल्या कामाला लावू नका. आधी जरा गुरगुरू द्या.' मग, 'चढावर त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं लक्ष जातं.' आई मान डोलवत ऐकत होती. आमच्या यांचंही असंच होतं, म्हणाली. तेव्हापासून ती ट्रॅक्टरला अहो-जाहो करते. शेवटी तो माणूस बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला. आम्हाला तो हुंदका वाटला. आता वाटतं, हातब्रेकविषयी काही सांगत असावा.

इथपर्यंत तुम्हाला राग येण्यासारखं काही झालेलं नाही. आता पट्टे.

तुम्ही दिलेले चार पट्टे आणि ते आवळायचं कटकट वाजणारं यंत्र मी काढलं. तुमचं व्याख्यान मला तोंडपाठ आहे: पट्टा असा आवळायचा की त्यावर टिचकी मारली तर तार वाजावी. मी आवळले. टिचक्या मारल्या. तारा वाजल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला. तोवर आई मागून आली आणि तिने प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. बोटं जाईनात. तिचा चेहरा असा झाला की जणू मी कुणाच्या गळ्याला फास लावला आहे. भाऊजी, तुम्ही या घरचे जावई आहात, तुम्हाला सगळंच कळेल असं नाही. आईने जन्मभर कपडे शिवले. जे काही गुंडाळायचं, बांधायचं, आवळायचं, त्याचा विचार ती आत जो आहे त्याच्या बाजूने करते. तिने एकेक पट्टा सोडला आणि दोन बोटं सुखाने जातील इतका सैल करून परत लावला. 'बसल्यावर श्वास नको घ्यायला?' म्हणाली. 'घट्ट शिवलेलं आधी उसवतं.' आणि मला ते पटलं. मी त्याच घरात वाढले आहे. आमच्याकडे उशांचे अभ्रे, बरण्यांची झाकणं, दाराच्या कड्या, सगळं दोन बोटं सैल असतं, आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. तुमच्या लग्नातला सूट तुम्हाला अजून होतो तो कशामुळे, याचा विचार करावा.

कशामुळे काय होतं ते पहिल्या ब्रेकला कळलं. मी ब्रेक दाबला, जीप थांबली, ट्रेलर थांबला, आणि ट्रॅक्टर त्या दोन बोटांतून पुढे येऊन आम्हाला ढोसून गेला, रांगेतल्या मागच्या माणसाने ढोसावं तसा. गाडी सुरू केली की तो मागे रेलायचा. थांबवली की पुन्हा ढोसायचा. चारही पट्ट्यांची दोन-दोन बोटं एकजूट झाली होती. मी जीप बाजूला घेतली आणि पट्टे आवळू या म्हटलं. आई म्हणाली, मी बांधलेलं मी सोडत नाही, गिऱ्हाइकाच्या अंगावर असताना तर नाहीच. त्यांना पायाने धरायला कुणीतरी हवं, एवढंच. असं म्हणून ती चाकावर पाय देऊन वर चढली, ट्रॅक्टरच्या सीटवर बसली, आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले.

(या पुढचा भाग तुम्ही सुरक्षा अधिकारी म्हणून वाचू नये. जावई म्हणून वाचावा. तेही जमत नसेल तर 'घरी पोहोचलो' हे शब्द येईपर्यंत पानावर हात ठेवावा.)

आता माझं सांगते. मी गाडी चालवायला शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे. गावातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलं आहे आणि उरलेले निम्मे त्यामुळे जपून रस्ता ओलांडतात. पण ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेणं मला येत नाही. (हे कुणाला सांगू नका, माझ्या दारावर पाटी आहे.) स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो आणि डावीकडे फिरवलं की तो विचारात पडतो. म्हणून मी घरी परतायचा रस्ता असा निवडला की कुठेही मागे जायची पाळी येऊ नये, सगळं पुढे, पुढे. असा रस्ता एकच आहे. तो बाजारातून जातो.

आम्ही चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघालो. पुढे मी, घामाघूम. मागे उंचावर आई, ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. (स्टिअरिंगचा काही उपयोग नव्हता, पण हात कुठे ठेवायचे असा प्रश्न होता, असं ती नंतर म्हणाली.) लोक दुकानांतून बाहेर आले. एकाने ओरडून विचारलं, कसली जाहिरात आहे? दुसऱ्याने विचारलं, कोणत्या चिन्हावर उभ्या आहेत? आमच्या बाजूने चालू लागलेल्या एका सद्गृहस्थाने मला खिडकीतून सांगितलं की आमच्या गल्लीतल्या गटाराचं झालं तर आमची मतं त्यांनाच. मी म्हटलं, कळवते. आईला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला वरून काहीतरी निराळंच दिसत होतं. तुम्ही विचार करा, जिने या गावाचे खांदे नेहमी समोरून, टाचणी हातात धरून पाहिले, तिला पहिल्यांदाच ते वरून दिसले. आणि तिला ते बघवेनात. पोस्टमास्तर टपाल घेऊन चालले होते, त्यांना तिने वरूनच गाठलं. 'मास्तर, बगलेत काचतोय ना कोट?' ते म्हणाले, 'नाही हो.' ती म्हणाली, 'काचतोय. हात खाली येत नाही तुमचा. आणून टाका.' पुढे बेकरीवालीला कॉलरबद्दल सांगितलं, बँकेच्या शिपायाला पाठीच्या चुणीबद्दल. एका बाईंना तर ती म्हणाली की हा झगा मी शिवलेला नाही हे कळतंय, तरी आणा. बाजार संपेपर्यंत तिने महिनाभराचं काम गोळा केलं होतं. महिनाअखेरीस आपण इथे नसणार, असं ती एकालाही म्हणाली नाही. मी ते आरशातून ऐकत होते. आरशात बघा, आरशात बघा म्हणून मी लोकांचा जीव खाते. त्या दिवशी मला आरशात दिसलं की आपण काढलेला 'हं'चा अर्थ चुकला आहे.

चौकाच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला होता. पाटी नव्हती, दोरी नव्हती, नुसता खड्डा आणि त्याच्या काठावर बसून डबा खाणारा एक माणूस. तो म्हणाला, मागे घ्या. मागे पाहिलं तर आमच्या गतीमुळे जमलेली लांब रांग होती. कुणी भोंगा वाजवत नव्हतं, कारण, मला उशिरा समजलं, ती जवळजवळ सगळी रांग माझ्याच विद्यार्थ्यांची होती. त्यांनी मला ओळखलं होतं आणि ते काहीतरी शिकायला मिळेल म्हणून थांबले होते.

मी प्रयत्न केला. ट्रेलर फळवाल्याच्या दिशेने निघाला. मी पुढे आले, पुन्हा प्रयत्न केला. ट्रेलर पुन्हा फळवाल्याकडेच. फळवाल्याने कलिंगडं आत घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात औषधांच्या दुकानाचा मालक बाहेर आला. हा माझा सर्वांत घाबरट विद्यार्थी. पहिल्या दिवशी त्याने इंजिन सुरू झालं म्हणून गाडीतून उडी मारली होती. तो माझ्या खिडकीशी आला, थोडा वाकला, आणि अत्यंत आदराने माझीच वाक्यं मला परत दिली. 'मॅडम, खांदे सैल सोडा. गाडी आपल्याला घाबरते, आपण गाडीला नाही. मागचे लोक थांबतील, त्यांना काही घाई नाही.' मी म्हटलं, अरे, मला माहीत आहे. तो म्हणाला, 'माहीत सगळ्यांनाच असतं मॅडम, पायाला कळायला हवं.' हेही माझंच.

मग त्याने रांगेला हात केला, आणि भाऊजी, मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. शेवटच्या गाडीपासून सुरुवात करून एकेक गाडी मागे गेली. प्रत्येकाने मान पूर्ण वळवली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर ठेवला, क्लच निम्मा सोडला. बेकरीची गाडी, दुधाची गाडी, दंतवैद्य बाई. कुणीही घाई केली नाही, कुणाचंही चाक फुटपाथला लागलं नाही. सगळा रस्ता मी शिकवलेल्या रीतीने मोकळा झाला आणि त्यात फक्त मीच आडवी राहिले. मला रडूही येत होतं आणि हसूही. शेवटी वरून आईचा आवाज आला. ती म्हणाली, 'तू सुलट शिवतेयस. कॉलर कधी सुलट शिवतात का? उलटी धर, उलटी शिव, शेवटी पालटली की बरोबर होते.' गाडी शिकवणाऱ्या बाईला ट्रॅक्टरवरून कुणी असं काही सांगितलं तर तिने काय करावं? मी जिकडे जायचं त्याच्या उलट स्टिअरिंग धरलं. ट्रेलर वळला. शहाण्या कुत्र्यासारखा वळला. चौकात पालटून आम्ही दुसऱ्या रस्त्याला लागलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. औषधवाला म्हणाला, 'छान. उद्या याच वेळी.'

घरी पोहोचलो. (आता हात काढा.)

फाटकातून जीप आत गेली, ट्रेलरही गेला, दोन्हीकडे माया उरली. अंगणात थांबून आम्ही फाळका खाली पाडला, आणि तिथे उभ्या राहिलो. बराच वेळ उभ्या राहिलो. आमच्याकडे ओटा नाही. तो असायला हवा, हे दोघींपैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. ट्रॅक्टर घरी आला होता, पण जमिनीवर आला नव्हता. मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. म्हटलं, हाच मोका आहे. आई, हे बघ, हा असाच परत जाऊ दे, आपण कपाट भरू. आईने गळ्यातला टेप काढला. ती चालत बागेच्या वरच्या बांधापर्यंत गेली आणि बांधाला टेप लावला. 'चार बोटं आखूड आहे,' ती म्हणाली. 'दुमड सोडली की पुरेल.' दुमड म्हणजे काय, तर मातीने भरलेली पोती. ती आम्ही दोघींनी बांधावर रचली. तिचं वय तुम्हाला माहीत आहे. ती पोती ओढत होती आणि गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. तेव्हा मी परत जाण्याविषयी बोलणं बंद केलं.

ट्रेलर मागे घेऊन बांधाला टेकवायचा होता. मी उलटी शिवण घातली आणि एका दमात टेकवला. हे पाहायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते. मग आईने पट्टे सोडले, ट्रॅक्टरला आधी गुरगुरू दिलं, आणि रिव्हर्स गिअर टाकला. जीप हलू नये म्हणून मी जीपमध्ये ब्रेक दाबून बसले होते. ट्रॅक्टर ट्रेलरच्या मागच्या टोकाशी आला तसं ते टोक खाली गेलं, म्हणजे पुढचं टोक वर आलं, म्हणजे जीपचं ढुंगण वर आलं, म्हणजे मी वर आले. माझ्यासमोर अंगण होतं ते फक्त कर्दळ झालं. मी हवेत ब्रेक दाबून बसले. चाकं जमिनीला नसताना ब्रेकचा उपयोग काय, हा प्रश्न मी परीक्षेत विचारते. मागे एक आवाज झाला, पोतं फुटल्यासारखा, आणि मग मी जीपसकट खाली आले. मागे वळून पाहिलं तर ट्रेलर रिकामा होता. आई बांधावर होती, ट्रॅक्टरवर होती, आणि सीटवरच मागे वळून, पाठमोरी थांबली होती. मला वाटलं घाबरली. जवळ गेले तर ती मागच्या सगळ्या पडीक तुकड्याकडे बघत होती, कापड टेबलावर पसरल्यावर कात्री लावण्याआधी बघते तशी.

नांगर रोपवाटिकावाल्याने जीपमध्ये टाकून दिला होता. तो जोडण्यात आमची दुपार गेली. संध्याकाळी ती पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेला, लागली. भाऊजी, ते तास वाकडं आलं. जिने आयुष्यात खडूची रेघ वाकडी मारली नाही तिचं तास लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन, विचार बदलून, विहिरीकडे वळलं आणि मग स्वतःची चूक कळून परत आलं. ती उतरली, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली आणि हसू लागली. बसून हसली. एवढ्यात फाटकाशी पोस्टमास्तर आले, हातात कोट. मागे बेकरीवाली, मागे शिपाई. आई पुन्हा वर चढली आणि तिथूनच ओरडली, 'बाकावर ठेवा, चिठ्ठी लावून ठेवा, मी एक तास मारून येते.' ती मंडळी बाकावर बसून राहिली. अंधार पडेपर्यंत सगळे कोट मांडीवर घेऊन आईचं नांगरणं बघत होते आणि वळण आलं की सूचना करत होते. त्यांच्यापैकी कुणीही ट्रॅक्टर चालवलेला नाही.

तर असं आहे. कपाट जागेवर आहे. बाकी सर्व ठीक. तुम्ही प्रकृतीला जपा, मिठावर हात आखडता ठेवा. ताईला माझा नमस्कार नको, ती मला तो परत करते.

तुमची,
धाकटी मेहुणी

ता. क. ट्रेलर सुखरूप आहे असं मी वर लिहिलं. त्यात फाळका धरलेला नाही. तो पोत्यावर दबून वाटीसारखा झाला आहे. वेल्डर म्हणाला, सरळ होईल, पण असा राहिला तर शेणखत सांडणार नाही. आईचा कल वाटीकडे आहे. ट्रेलर सध्या ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला आहे आणि दोघांचं बरं जमतं. तो इकडेच राहू द्यावा, ही विनंती. पट्टे मी धुऊन ठेवले आहेत.

दुसरा ता. क. आई येत नाही. हे मी पत्रात कुठेच लिहिलं नाही असं तिने आता पत्र वाचून दाखवून दिलं, म्हणून लिहिते. ती म्हणाली, जावईबापूंना सांग, खोली छान केलीत, दांडे छान बसवलेत, माझ्यासाठी एवढं आजवर कुणी मोजूनमापून केलं नाही. पण माणसाने वर्षानुवर्षं अंगात घातलेला कपडा असतो, तो दुसऱ्याच्या मापाने नव्याने शिवता येत नाही. त्यापेक्षा तुम्ही इकडे या, असं तिचं म्हणणं आहे. हीच खरी विनंती, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहिलं. शिलाईची खोली तिने रिकामी केली आहे. तुमचा पलंग बसतो, तिने पाहिलं. भाऊजी, चौथ्या मजल्यावर तुमच्यासारख्या माणसाला काय आहे? एक नळी. इथे विहिरीला कठडा नाही. माळ्याची शिडी एका दोरीवर उभी आहे. विजेच्या डब्यात चिमणीने घरटं केलं आहे. म्हाताऱ्याचा हातब्रेक कुणालाच कळत नाही, आणि रोज सकाळी सत्तरीची एक बाई बूट घालून त्याच्यावर चढते. तुमची इतकी गरज असलेली जागा मला दुसरी माहीत नाही.

तिसरा ता. क. हा तुम्ही ताईसमोर वाचू नये. रोपवाटिकावाला ट्रॅक्टर विकतो आहे, हे आईला कुणी सांगितलं असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. तो ताईच्या मैत्रिणीचा मामा निघाला. पुढचं मी सांगत नाही. एवढंच की सध्या ताई तिकडे तुमचं कपाट उपसून बसली असेल, आणि काय चाललंय म्हणून विचारलंत तर जुने कपडे काढते आहे म्हणेल. ते जुने कपडे नाहीत, इकडे यायचं सामान आहे.